शिक्का, घडी आणि निळे बटण

कागदी मतपत्रिकेवर मारायचा तो रबरी शिक्का ज्यांनी हातात धरला असेल, त्यांना त्याचा आकार आठवत असेल. चार बाण एका मध्याभोवती एकाच दिशेने वळलेले. निवडणुकीच्या कामात त्याला बाणफुली म्हणतात. साधी फुली किंवा गोल ठिपकाही चालला असता, मग एवढा वळणदार आकार कशासाठी? नोकरीला लागल्यावर पहिली इलेक्शन ड्युटी आली, तेव्हा तालुक्याच्या प्रशिक्षणात मी हा प्रश्न विचारला होता. नायब तहसीलदारांनी दिलेलं उत्तर पुढे मी कित्येक नव्या मास्तरांना सांगत आलो.

मतदार शिक्का मारतो. शाई ओली असते. तो लगेच कागदाची घडी घालतो आणि ओली शाई समोरच्या बाजूला उमटते. मोजणीच्या टेबलावर कागद उघडला की एकाच मतपत्रिकेवर दोन खुणा! साधी फुली असती तर खरी कोणती आणि उमटलेली कोणती हे कुणालाच सांगता आलं नसतं आणि मत बाद झालं असतं. बाणफुलीचे बाण मात्र एका दिशेने वळतात, आणि घडीत उमटलेला ठसा आरशातल्यासारखा उलट्या दिशेने वळलेला असतो. मोजणाऱ्याला एका नजरेत कळतं की ही खूण मतदाराची, ती घडीची.

या एवढ्याशा शिक्क्यात एक भूमिका आहे. मतदार घाई करणार, शाई वाळेपर्यंत थांबणार नाही, घडी वेडीवाकडी घालणार, हे आधीच धरून चालायचं. त्याला दोष द्यायचा नाही, वस्तू बदलायची. वापरणारा माणूस मध्यभागी ठेवून वस्तू कशी घडवावी हे आता डिझाइनच्या कॉलेजांत स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. माझ्या मते आपल्या देशात हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत जास्त काळ झालं ते मतदान केंद्रावर. मी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली. निवडणुकीत आधी मतदान अधिकारी आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं. त्यामुळे हा इतिहास मला टेबलाच्या अलीकडून दिसला आहे.

सुरुवात १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून करावी लागते. मतदार १७ कोटींहून अधिक, आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे आयसीएस अधिकारी होते आणि त्यांचं शिक्षण गणितातलं. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाने आपलं मत, कुणाला न विचारता, गुप्तपणे कसं द्यायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जगातल्या जुन्या लोकशाह्यांकडे याचं तयार उत्तर नव्हतं, कारण त्यांच्याकडे मतपत्रिकेवरचं नाव वाचता येणं गृहीतच धरलेलं असे.

सेन यांनी मतदाराच्या हातून लिहिण्याचं, खूण करण्याचं कामच काढून घेतलं. प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, जनसंघाचा दिवा, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका मतदाराच्या हातात द्यायची; त्याने पडद्याआड जाऊन ती हव्या त्या पेटीत सोडायची. बस्स. त्या मतपत्रिका आमच्या नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या, हे इथली जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात.

चिन्हं निवडताना सेन यांनी घर, शेत, जनावरं, झाडं अशा रोज नजरेत असणाऱ्या गोष्टींवर भर दिला. बघताक्षणी ओळख पटली पाहिजे आणि एक चिन्ह दुसऱ्यासारखं दिसता कामा नये, या दोन अटी त्या यादीत मला स्पष्ट दिसतात. पुढे अनेक वर्षं आयोगासाठी चिन्हं काढणारे चित्रकार एम. एस. सेठी हेही कंगवा, टूथब्रश अशा घरातल्याच वस्तू पेन्सिलने कागदावर उतरवत. ते १९९२मध्ये निवृत्त झाले. त्यांची चित्रं आजही अपक्षांच्या वाट्याला येतात.

पेट्यांचं काम मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर झालं. हैदराबादच्या ऑल्विनसारख्या कंपन्यांनीही पेट्या बनवल्या. गोदरेजकडे १२ लाखांहून अधिक पेट्यांची मागणी होती आणि एका पेटीला सुमारे ५ रुपये मिळणार होते. बाहेरून कुलूप लावायचं तर त्या किमतीत बसत नव्हतं. कारखान्यातले नाथालाल पांचाळ यांनी कुलूप आतूनच बसवण्याची युक्ती सुचवली आणि ती स्वीकारली गेली, अशी नोंद गोदरेजच्या अभिलेखागारात आहे. किंमत आटोक्यात आली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाहेर लोंबणारं कुलूप नसल्याने मतदाराला पेटीवर दिसतं ते एवढंच: चिन्ह आणि वरची फट.

मतदार मात्र कागदावर आखल्यासारखे वागत नाहीत. काहींनी पेटीला फुलं वाहिली, नमस्कार केला. काहींनी मतपत्रिका फटीत न टाकता पेटीवरच ठेवली. आत एकटा गेलेला माणूस मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणू शकत होता आणि ती विकत घेणारे बाहेर उभे असत. जिथे एका मतदारसंघातून दोन सदस्य निवडायचे, तिथे गोंधळ आणखी मोठा. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, पण दोन्ही एकाच पेटीत टाकायच्या नाहीत, टाकल्या तर एक बाद. हा नियम पेटी बघून कळण्यासारखा नव्हता. अशाच द्विसदस्य मुंबई शहर उत्तर मतदारसंघात डॉ. आंबेडकर १४,५६१ मतांनी पराभूत झाले. त्यानंतर त्यांनी आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेत ७४,३३३ मतपत्रिका मोजल्या गेल्या नाहीत, असं म्हटलं होतं. त्यामागे राजकारण किती आणि गैरसमज किती यावर तेव्हापासून वाद आहे. माझं म्हणणं एवढंच की, जो नियम वस्तूवर दिसत नाही आणि तोंडी सांगून पोचवावा लागतो, तो हजारो केंद्रांवर एकसारखा पोचत नाही. द्विसदस्य मतदारसंघ १९६१च्या कायद्याने बंद झाले, ते बरं झालं.

एका ठिकाणी मात्र सेन मतदारासाठी वाकले नाहीत. उत्तर आणि मध्य भारतात असंख्य बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावं यादीत घेतली नाहीत. पुष्कळ आरडाओरडा झाला. पण मला त्यांचं बरोबर वाटतं. बाईचं मत तिच्या स्वतःच्या नावावर नोंदलं गेलं पाहिजे. तिला दुसऱ्याच्या नावाच्या आडोशाने मतदार करणं हे तिच्या सोयीचं नव्हतं, घरातल्या पुरुषांच्या सोयीचं होतं. माणसाची सोय बघायची म्हणजे त्याची प्रत्येक सवय उचलून धरायची, असा अर्थ होत नाही.

प्रत्येक उमेदवाराला पेटी ही पद्धत १९५७पर्यंत चालली. मग १९६०-६१मध्ये केरळ आणि ओरिसातल्या मध्यावधी निवडणुकांत एकच पेटी आणि सर्व उमेदवारांची नावं-चिन्हं असलेली एकच मतपत्रिका करून पाहिली, आणि १९६२पासून ती देशभर आली. दहा वर्षांत मतदार चिन्हांना सरावला होता. आता त्याच्या हातात शिक्का देता येत होता. आणि शिक्का हातात आला तसा तो प्रचारातही शिरला. ताई-माई-अक्कांना हाक घालणारी शिक्क्याची घोषणा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पोरंसोरंसुद्धा ओरडत असत.

त्या मतपत्रिकेचे बारकावे मला तोंडपाठ आहेत, कारण आमचे दिवस त्यावरच गेले. दोन उमेदवारांच्या चौकटींमध्ये एक छायांकित पट्टा असे. शिक्का थोडा सरकून पट्ट्यावर गेला तरी ज्या चौकटीत त्याचा भाग आहे त्या उमेदवाराला मत मिळे. पूर्णच पट्ट्यात पडला तर बाद. म्हणजे थरथरत्या हाताला थोडी जागा ठेवली होती. आणि घडी! मतदाराच्या हातात कागद देण्याआधी मतदान अधिकाऱ्याने तो आधी उभा आणि मग आडवा दुमडायचा, पुन्हा उलगडायचा आणि मग द्यायचा. कागदावर मोड पडलेली असली की मतदाराचा हात आपोआप त्याच रेषेवर घडी घालतो. उभी घडी पहिली घातल्यामुळे ओली शाई उमटली तरी शक्यतो त्याच उमेदवाराच्या ओळीत उमटते, दुसऱ्याच्या नाही. म्हणजे शिक्क्याच्या आकाराच्या आधी घडीचाच एक बंदोबस्त होता.

आम्ही तीन जण एका बाकावर बसायचो. एक जण यादीत नाव शोधून मोठ्याने वाचणार, दुसरा बोटाला शाई लावणार, तिसरा मतपत्रिका दुमडून, उलगडून, शिक्क्यासह देणार. मतपत्रिकेच्या पाठीवर केंद्राध्यक्षांची सही. दुपारनंतर दुमडणाऱ्याच्या बोटांना शाईचा आणि कागदाचा मिळून एक खरखरीतपणा येई. कुणी घाईत आडवी घडी आधी घातली की शेजारचा वडीलधारा मास्तर न बोलता कागद हातातून काढून घेई आणि नीट दुमडून परत देई. नियमपुस्तिकेतली ती ओळ आम्ही अशी शिकलो.

यंत्राची गोष्ट १९७७च्या सुमारास सुरू झाली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९मध्ये नमुना तयार केला, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स नंतर सामील झाली. १९८२मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्र वापरलं गेलं आणि १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं, कारण तेव्हाच्या कायद्यात यंत्राला जागाच नव्हती. कायदा बदलला डिसेंबर १९८८मध्ये.

याच टप्प्यावर मुंबईचा दुसरा धागा येतो. पवईच्या आयआयटीत १९६९पासून औद्योगिक डिझाइनचं एक केंद्र आहे, सगळे त्याला आयडीसी म्हणतात. जर्मनीत उल्म इथे शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णींनी ते उभं केलं. तिथले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी मतदान यंत्राचं औद्योगिक डिझाइन केलं. त्यांची नावं सर्वसामान्य मतदाराला माहीत नाहीत, आणि ती माहीत व्हावीत असं मला मनापासून वाटतं. कारण यंत्र हातात घेऊन बघितलं की कळतं, त्यात मतदाराला नव्याने शिकायला फार थोडं ठेवलं आहे.

बॅलट युनिटच्या पारदर्शक झाकणाखाली तीच जुनी मतपत्रिका बसते: तीच नावांची ओळ, तीच चिन्हं, लोकसभेला पांढरा कागद, विधानसभेला गुलाबी. फक्त शिक्क्याच्या जागी प्रत्येक ओळीला एक निळं बटण आणि एक लाल दिवा. एका युनिटवर १६ जागा. उमेदवार कमी असतील तर उरलेली बटणं झाकून टाकायची, म्हणजे रिकाम्या जागी बोट जाणारच नाही. केंद्राध्यक्षाच्या टेबलावर कंट्रोल युनिट, दोघांना जोडणारी पाच मीटरची केबल. टेबलावरून ‘बॅलट’ बटण दाबलं की आतलं यंत्र एका मतापुरतं उघडतं. मतदाराने निळं बटण दाबलं की त्याच्यासमोर लाल दिवा, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाणारा लांब बीप. मतदाराला दिसतं, आम्हाला ऐकू येतं. पुन्हा दाबलं तर काही होत नाही. दोन बटणं एकदम दाबली तर आधीचं एकच धरलं जातं. बाद मत ही गोष्टच उरली नाही. आणि सगळं बॅटरीवर चालतं. आमच्या पाड्यांवर विजेचा भरवसा नसे, पण त्यामुळे मतदान कधी थांबलं नाही. पुढे बटणांशेजारी ब्रेलमधले आकडे आले आणि अंध मतदारांसाठी ब्रेलमधली मतपत्रिका केंद्रावर मिळू लागली.

१९९८मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या काही विधानसभा मतदारसंघांत यंत्र आलं. २००४च्या लोकसभेला ते सर्व ५४३ मतदारसंघांत पोचलं, आणि त्याच वर्षी आमच्या सुरगाण्याच्या पाड्यावरही.

एक आजी आत गेल्या. मी बॅलट दिला. बीप येईना. मतदान प्रतिनिधी माना वर करून बघू लागले. मतदार आत असताना केंद्राध्यक्षाने तिथे जाऊन उभं राहायचं नाही, म्हणून मी बाहेरूनच विचारलं, “आजी, दाबलं का?” आतून उत्तर आलं, “कवाचं दाबतेय बाबा, वाजतच नाही.” मी त्यांना बाहेर बोलावलं. आमच्याकडे बॅलट युनिटची पुठ्ठ्याची प्रतिकृती असते, तिच्यावर खोटी नावं आणि खोटी चिन्हं. ती पुढे धरली आणि म्हटलं, यावर दाबून दाखवा. आजींनी एका चित्रावर अंगठा जोरात रोवला. चित्रावर. बटणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. “चित्राला नाही आजी, चित्राच्या शेजारी ही निळी टिकली आहे, तिला दाबा.” “येवढीशी? मी म्हटलं, ज्याला मत द्यायचं त्यालाच दाबायचं.” त्या परत आत गेल्या आणि बीप आला.

त्या दिवशी हे पुन्हा पुन्हा झालं, म्हणून एका शिपायाला पुठ्ठा देऊन रांगेजवळ उभा केला. माझं मत असं की, आजींचं म्हणणं रास्त होतं. पन्नास वर्षं आपण त्यांना सांगत आलो की चिन्ह बघा, चिन्हावर शिक्का मारा. आणि आज मोबाइलवर आपण सगळे चित्रालाच बोट लावतो. यंत्र चुकीचं नव्हतं. पण हाताची आधीची सवय किती खोल असते, हे आजींनी मला प्रशिक्षण वर्गापेक्षा जास्त शिकवलं.

यंत्र शेवटी कुठे वापरलं जाणार, हे विसरलं की काय होतं त्याचा एक दाखला विदर्भातला आहे. मत दिल्यावर सात सेकंद काचेतून चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट हे यंत्र २०१३मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत पहिल्यांदा आलं. मे २०१८मध्ये भंडारा-गोंदियाच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्याचे इतके बिघाड झाले की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. कारणांत यंत्रावर थेट पडणारा प्रकाशही होता. आम्हा केंद्राध्यक्षांना त्याचं नवल वाटलं नाही. शाळेच्या खोलीत खिडक्या कुठे असतात आणि मेच्या उन्हात दुपारी तिथे काय होतं, हे त्या खोलीत बसणाऱ्यालाच माहीत असतं. पुढे मतदान कक्ष खिडकीपासून दूर आणि थेट उजेडात नसेल असा मांडण्यावर भर दिला गेला.

२०२४ साली मात्र जे झालं ते मला अजून टोचतं, कारण ते आमच्याच भागात झालं. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचे भास्कर भगरे उभे होते. पक्षाचं नवं चिन्ह: तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाला ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं, आणि आडनावही भगरेच. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मतं पडली. भास्कर भगरे निवडून आले, म्हणून निकालावर परिणाम झाला नाही. साताऱ्यात मात्र ट्रम्पेट घेतलेल्या अपक्षाची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. नावांच्या सारखेपणाचा त्रास तर जुनाच. २०१४ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला ९,८४९ मतं मिळाली होती. त्यासाठी २०१५पासून मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो आले, ही चांगली सुधारणा होती. पण पाड्यावरचा मतदार आधी चिन्ह बघतो, मग वाटलं तर फोटो.

लोकांना कळत नाही, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला ते मान्य नाही. १९५२मध्ये ८५ टक्के निरक्षर मतदारांना बैलजोडी आणि झाड यांत फरक कळला, कारण ती दोन चित्रं निवडणाऱ्याने तो फरक आधी स्वतः नीट पाहिला होता. २०२४मध्ये दोन वाद्यांमधला फरक दिल्लीत टेबलावर, मोठ्या कागदावर स्पष्ट दिसला असेल. बॅलट युनिटवरच्या बोटभर चौकटीत, पुठ्ठ्याच्या आडोशात, चाळिशी घरी विसरलेल्या डोळ्यांना तो दिसतो का, हे कुणी पाहिलं?

म्हणून चिन्हं ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. यादी पक्की करण्याआधी ती खऱ्या मतपत्रिकेच्या आकारात छापा आणि बॅलट युनिटच्या झाकणाखाली घाला. मग सुरगाण्याच्या, पेठच्या, किंवा तुम्हाला जवळच्या कुठल्याही वस्तीवर जा आणि वयस्कर बायका-पुरुषांना एकेक करून कक्षात पाठवा. त्यांना काही शिकवू नका. नुसतं विचारा, तुतारीला मत द्यायचं आहे, बोट कुठे ठेवाल? जिथे बोट अडखळेल, ते चिन्ह यादीतून काढा.